गाडी उभी राहिली की एसी गरम, पण फॅन तर फिरतोय!

वळणावरची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आता पाणी गळ्याशी आलं म्हणून लिहिते आहे.

गाडी पेट्रोल, लहान हॅचबॅक, नऊ वर्षांची. धावत असली की एसी मस्त गार. गर्दीत अडकले आणि पाच-सात मिनिटं जागच्या जागी उभं राहावं लागलं, की आधी गारवा जातो, मग हवा कोमट होते, मग चक्क गरम. गाडी हलली, जरा वेग घेतला की दोन मिनिटांत परत गार. गेल्या आठवड्यात आणखी एक भर पडली. तापमानाचा काटा कायम मध्याच्या खाली मुकाट बसलेला असतो, तो दोन रेघा वर चढला. घाबरून एसी बंद केला तेव्हा हळूहळू खाली आला.

गॅरेजला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरला. चार दिवस बरं वाटलं (ते चार दिवस ढगाळ होते, त्यामुळे श्रेय कुणाचं कोण जाणे). पुन्हा तेच सुरू झालं तर "अजून थोडा लागतोय" म्हणून आणखी भरला. आता पूर्वीपेक्षाही लवकर गरम होतं. मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर बदलावा लागेल.

मी स्वतः पाहिलेलं एवढंच: कूलंटची पातळी बरोबर आहे. बोनेट उघडून एसी लावला की रेडिएटरमागचा फॅन फिरतो. कॉम्प्रेसर टक्क करून पकडतो, थोड्या वेळाने सोडतो, पुन्हा पकडतो. परवा गाडी चालू ठेवून हे सगळं बघत होते तर मुलगा पुढून गेला आणि म्हणाला, "आई, गाडी नाकातून गरम श्वास सोडतेय." या सगळ्या प्रकारात तेवढीच करमणूक.

कॉम्प्रेसरच्या खर्चात पडण्याआधी आणखी काय तपासावं? मल्टिमीटर धरता येतो. त्यापुढे अज्ञान.

गिरकी | सोमवार, रात्री १०:०५

अगदी सेम प्रॉब्लेम! फक्त माझ्या गाडीत एसी लावल्यावर फॅन फिरतच नाही. इंजिन चांगलं तापलं की मग एकदम विमान उडाल्यासारखा सुटतो. आणि काटा वगैरे काही चढत नाही. वाचतोय.

तेलकट हात | मंगळवार, सकाळी ६:५०

गिरकी, तुमचा प्रॉब्लेम सेम नाही, पार वेगळा आहे. थांबा जरा, त्यावर येतो.

ताई, कॉम्प्रेसरला सध्या कुणाला हात लावू देऊ नका. पस्तीस वर्षं हेच काम केलं, आता फक्त सल्ले देतो. गाडी पळताना एसी गार मारतो ना? मग कॉम्प्रेसर दाब तयार करतोय, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब एकदम उतरवून तो गार करणारी बारीक वाट) मोकळा आहे, गॅसही आहे. कॉम्प्रेसर आतून बराच झिजला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. गाडी पळवा नाहीतर उभी ठेवा, गारवा बहुधा अर्धवटच राहिला असता.

पळताना आणि उभं असताना फरक कशात पडतो? पुढून येणाऱ्या वाऱ्यात. बंपरमागे पहिली जाळी असते ती एसीची, म्हणजे कंडेन्सर. तिच्या मागे रेडिएटर, आणि त्याच्या मागे फॅन. गाडी वेगात असली की वारा आपोआप या दोन्ही जाळ्यांतून जातो, फॅन नसला तरी चालून जातं. गाडी थांबली की सगळी भिस्त फॅनवर. तिथे वारा कमी पडला की कंडेन्सरमधली उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब चढत जातो आणि एका मर्यादेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. दाब उतरला की परत जोडतो. तुमचं ते टक्क-टक्क हेच असणार.

गॅसबद्दल एकदाच सांगतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तोच फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. कमी झालाच नसेल आणि तरी भरला, तर कंडेन्सरमध्ये द्रवाची गर्दी होते, जागा उरत नाही आणि दाब आणखी चढतो. दुसऱ्यांदा भरल्यावर लवकर गरम व्हायला लागलं म्हणता, मला तोच वास येतोय.

आज एक साधा प्रयोग करा. गाडी सावलीत उभी, इंजिन चालू, एसी फुल. हवा गरम यायला लागली की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारा. झाडांना मारतो तसा पंप चालेल. फॅनच्या मोटरवर आणि वायरिंगवर पाणी नको. अर्ध्या-एक मिनिटात आतली हवा गार झाली तर दोष वाऱ्याचा. काहीच फरक पडला नाही तर माझं म्हणणं मागे घेतो.

आडमुठा | मंगळवार, सकाळी ९:१५

थियरी छान आहे, पण माझ्या गाडीत हीच लक्षणं होती आणि गॅस भरल्यावरच बरं झालं. आजही चालू आहे. प्रत्येक मेकॅनिक चोर नसतो हो.

तेलकट हात | मंगळवार, सकाळी ९:४०

चोर कोण म्हणालं? मी स्वतः त्याच बिरादरीतला. गॅस भरणं सोपं असतं, गिऱ्हाईकाला लगेच गार वाटतं, म्हणून हात आधी तिकडे जातो. तुमच्या गाडीत खरोखर कमी असेल. पण कमी गॅसवाली गाडी सहसा पळतानाही मन लावून गार करत नाही. तुमची करत होती का?

आडमुठा | मंगळवार, सकाळी ९:५५

आठवत नाही.

उष्मागतिकी | मंगळवार, दुपारी १:२०

शिकवण्याच्या सवयीमुळे थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

"दाब बघितला, गॅस कमी वाटला" हे वाक्य बंद गाडीवर मीटर लावून कुणी म्हणत असेल तर त्याला अर्थ नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये आर-१३४ए हा वायू असतो. इंजिन बंद असताना नळ्यांत थोडा द्रव आणि थोडी वाफ असते, आणि जोवर थेंबभर द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, किती ग्रॅम आहे त्यावर नाही. ३० अंशांना हा दाब साधारण ६.७ बार, म्हणजे ९७ पीएसआयच्या आसपास. आत २०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, मीटर तेच सांगणार. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखंच आहे. शेगडी शेवटपर्यंत सारखी पेटते आणि मग एकाएकी विझते. म्हणून सिलिंडर वजनाने मोजतात, एसीचा गॅसही वजनानेच मोजायचा. नेमके किती ग्रॅम हवे ते बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

आता चालू गाडीचं. कंडेन्सरमधला वायू ५० अंशांना द्रव होत असेल तर दाब १२ बार. ६० अंशांना करावा लागला तर जवळपास १६. आणि ८० अंशांवर गेलात तर २५. प्रेशर स्विच बहुतेक गाड्यांत २७ ते ३२ बारच्या दरम्यान कॉम्प्रेसर तोडतो. थोडक्यात, कंडेन्सरला मिळणारी हवा वीस-तीस अंशांनी गरम झाली की उत्तम कॉम्प्रेसरही हात टेकतो.

अवांतर: गाडीत कारखान्यातूनच एसी द्यायला अमेरिकेत पॅकार्डने १९३९ साली सुरुवात केली. त्या कॉम्प्रेसरला क्लच, म्हणजे टक्क करून जोडणारा-सोडणारा भाग, नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करून खाली उतरायचं, बोनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. टक्क आवाज ऐकू येतो यात सुख माना.

मीटरवाला | मंगळवार, दुपारी ३:०५

"फॅन फिरतो" या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे. कसा फिरतो?

बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. एसी लावला की हळू, दाब किंवा कूलंटचं तापमान चढलं की जोरात. काही गाड्यांत दोन फॅन असतात आणि हळू वेगात ते एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, म्हणजे प्रत्येकाला निम्माच व्होल्टेज. त्यामुळे नुसतं फिरताना दिसलं म्हणून पास करू नका.

मोजायचं कसं तेही नीट ऐका, कारण इथे सगळे फसतात. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो सप्लाय ओके. मीटर करंट घेतच नाही. गंजलेल्या कनेक्टरमधून, एका केसाएवढ्या तारेवरूनही तो १२ दाखवेल. फॅन १५-२० अँपिअर मागतो तेव्हा खरं काय ते कळतं. म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवा, फॅन फिरू द्या आणि मागच्या बाजूने टोकं घालून मोजा.

१. इंजिन चालू असताना बॅटरीवर किती.
२. फॅन जोरात फिरत असताना फॅनच्या दोन वायरींमध्ये किती. हळू वेगात रेझिस्टरमुळे कमीच दिसणार, तो आकडा नको.
३. फॅनची काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात किती. हे ०.२ च्या आत हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंग खराब.

पहिल्या दोनमध्ये एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधे कुठेतरी वीज सांडते आहे. कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं पडलंय, वितळलंय का तेही बघा.

सैल ओढणी, केस, बांगड्या लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन आपला आपण सुरू होतो.

गिरकी | मंगळवार, दुपारी ३:३०

आणि माझं?

मीटरवाला | मंगळवार, दुपारी ३:५०

तुमचा जोराचा वेग चालतो आणि हळू चालत नाही. म्हणजे मोटर बरी, मोठा फ्यूज बरा. हळू वेगासाठी एक रेझिस्टर असतो, बहुधा फॅनच्या चौकटीवरच वाऱ्यात बसवलेला. तो जळाला असणार. नाहीतर हळू वेगाचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. रिले आधी बघा, फुकटात होतं. फ्यूजच्या डब्यात तशाच नंबरचा दुसरा रिले असेल (हॉर्नचा वगैरे) तो अदलाबदल करून बघा. तरी नाही चालला तर रेझिस्टरच्या दोन टोकांत ओहम मोजा. चांगला असेल तर एखाद्या ओहमच्या आत दाखवेल, तुटला असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही.

आणि कृपा करून वेगळा धागा काढा. दोन आजार एका केसपेपरवर नकोत.

वळणावरची | मंगळवार, रात्री ८:३०

सगळ्यांना आधी दंडवत. आता निकाल.

पाण्याचा प्रयोग: हवा पूर्ण गरम होऊ दिली, मग फवारा मारला. मनात वीसपर्यंत आकडे मोजले असतील, आत बसलेला मुलगा ओरडला, "गार आली!" फवारा थांबवला, तीन-चार मिनिटांत परत गरम. पुन्हा मारला, पुन्हा गार. तेलकट हात काका, तुम्ही जिंकलात.

पण मीटरवाला, तुमच्या परीक्षेत फॅनही पास झालाय हो! बॅटरीवर १४.१. फॅन जोरात असताना त्याच्या वायरींमध्ये १३.६. काळी वायर ते बॅटरी ०.१. दोन्ही वेग चालतात. आधी हळू, मग दोन-तीन मिनिटांत खाडकन जोरात, आणि मग जोरातच राहतो. कनेक्टरचा प्रश्न नाही, कारण तिथे कनेक्टरच नाही, वायरी सरळ जोडून टेप गुंडाळलाय. टेपच्या वर बघितलं, वितळलेलं काही नाही.

जाळीत किडे आणि वाळलेली पानं होती, ती मऊ ब्रशने आणि पाण्याने काढली. फरक शून्य.

म्हणजे वारा कमी आहे, पण वारा देणारा फॅन पूर्ण जोराने फिरतोय. आता?

रानवारा | मंगळवार, रात्री ९:१०

दोन शंका. एक, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कचरा असेल. पुढून स्वच्छ दिसतं, पण खरा गाळ दोन जाळ्यांच्या मधे साचतो. बोनेट उघडून वरून टॉर्च मारून बघा.

दोन, फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण आणि कडांच्या फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत का? त्या नसल्या तर फॅन जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूच्या फटीतून इंजिनाकडचीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो. गाडी कधी पुढून ठोकली गेली असेल तर दुरुस्तीत या पट्ट्या हमखास गाळतात.

आडमुठा | मंगळवार, रात्री ९:२५

थर्मोस्टॅट? वॉटर पंप? काटा वर गेला त्याचं काय? नुसत्या एसीच्या मागे लागून इंजिन घालवून बसाल.

तेलकट हात | मंगळवार, रात्री ९:५०

मुद्दा रास्त आहे. थर्मोस्टॅट अडकला असता किंवा पंप कमी पडला असता तर काटा मोकळ्या रस्त्यावर, चढावर जास्त चढला असता. इथे फक्त उभ्या गाडीत आणि तेही एसी चालू असताना चढतो. तरी इंजिन पूर्ण थंड असताना (पूर्ण थंड, सकाळी) रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटचा रंग बघून घ्या. गंजाळ नको, तेलाचा तवंग नको. गरम असताना त्या झाकणाला कुणी हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण सुटलं की एका क्षणात उकळून अंगावर येतं. माझ्या डाव्या मनगटावर अजून त्याची सही आहे.

उष्मागतिकी | मंगळवार, रात्री ११:३५

झोपायच्या आधी धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि उठून बसलो.

वळणावरची, तुमचा मुलगा काय म्हणाला होता? "गाडी नाकातून गरम श्वास सोडतेय."

गाडीच्या पुढून गरम हवा बाहेर यायलाच नको! फॅन जाळीच्या मागे असला काय की पुढे, वारा नेहमी पुढून मागे जायला हवा. समोर उभ्या असलेल्या पोराला झळ लागली कशी?

उद्या सकाळी इंजिन चालू, एसी चालू, फॅन जोरात येऊ द्या. वहीच्या कागदाची पातळ पट्टी पुढच्या जाळीसमोर धरा. ती जाळीला चिकटायला हवी. बाहेर फडफडली तर मला ताबडतोब कळवा. मी वर्गात असेन, पण फोन बघेन.

वळणावरची | बुधवार, सकाळी ७:२५

बाहेर. अक्षरशः बाहेर उडाली. तीनदा केलं. हात धरला तर हेअर ड्रायरसारखी झळ.

फॅन उलटा फिरतोय??

तेलकट हात | बुधवार, सकाळी ७:४०

हात्तिच्या! आणि मी पस्तीस वर्षांची मिरवत बसलो होतो. पोराला माझ्याकडून शाबासकी सांगा.

फॅनची मोटर कधी बदलली होती का? वायरी टेपने जोडल्यात म्हणालात, तेव्हाच मला विचारायला हवं होतं. कंपनीतून आलेल्या गाडीत फॅनला कनेक्टर असतो आणि तो उलटा बसतच नाही. कुणीतरी वायर कापल्याशिवाय तिथे टेप येत नाही.

वळणावरची | बुधवार, सकाळी ८:१०

हो. आठ-नऊ महिन्यांपूर्वी फॅन घरघर आवाज करून बंद पडला होता तेव्हा मोटर बदलली. दुसऱ्या गॅरेजमध्ये. नवीन मोटरचा सॉकेट जुळत नव्हता म्हणून वायर कापून जोडली, हे तेव्हा सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. त्यानंतर थंडी होती, एसी लावलाच नाही. यंदा ऊन तापल्यावर हे सगळं सुरू झालं, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

पण मग एवढे महिने इंजिन का नाही तापलं?

उष्मागतिकी | बुधवार, दुपारी १२:१५

मला यातला हाच भाग सगळ्यात आवडला.

उलटा फॅनही हवा हलवतोच, फक्त चुकीच्या दिशेने आणि बऱ्याच कमी जोराने, कारण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असतो. तो इंजिनाकडची गरम हवा, समजा ५०-६० अंशांची, रेडिएटरमधून पुढे ढकलतो. रेडिएटरमधलं पाणी ९० च्या वर असतं. त्याला ६० अंशांची हवाही थंडच वाटते. म्हणून उभ्या गाडीत एसी बंद असेल तर इंजिन कसंबसं निभावून नेतं.

कंडेन्सरची गोष्ट निराळी. त्याला बाहेरच्या हवेची सवय, म्हणून तर त्याला रांगेत सगळ्यात पुढे बसवतात. उलट्या वाऱ्यात रांगच उलटी होते. हवा आधी रेडिएटरमधून तापून निघते आणि मग कंडेन्सरवर आदळते. बाहेर ३५ अंश असताना त्या बिचाऱ्याला ७० अंशांची हवा मिळते. वर दिलेले आकडे बघा, ८० अंशांना २५ बार. त्यात गॅसही जास्त भरलेला. प्रेशर स्विच तोडणार नाही तर काय करेल?

आणि दाब चढला म्हणून फॅनला जोरात फिरायचा हुकूम सुटतो. फॅन जितका जोरात, तितकी जास्त गरम हवा कंडेन्सरवर. म्हणून तो एकदा जोरात सुटला की थांबत नव्हता.

गाडी पळायला लागली की समोरचा वारा या दुबळ्या उलट्या झोताला सहज मागे रेटतो, आणि सगळं सुरळीत.

मीटरवाला | बुधवार, दुपारी १:४०

कान पकडतो. व्होल्टेज मोजायला लावलं आणि चिन्ह विचारलंच नाही. १३.६ च्या आधी उणे होतं का हो?

वळणावरची | बुधवार, दुपारी २:००

मी आपली लाल टोक, काळं टोक, जसं मिळेल तसं लावलं होतं. उणे असतं तरी मला वाटलं असतं मीटर हातात उलटा धरलाय.

मीटरवाला | बुधवार, दुपारी २:३०

असो. आता दुरुस्ती. दोन वायरींची साधी ब्रशवाली डीसी मोटर असेल तर वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते, बस्स. मोटरवर तिसरी-चौथी वायर किंवा इलेक्ट्रॉनिक डबा असेल तर हे अजिबात करू नका, तशी मोटर उलट जोडणीने फिरत नाही, जळते. तुमच्याकडे दोनच आहेत असं वर्णनावरून दिसतं, तरी डोळ्यांनी खात्री करा.

बॅटरीचं निगेटिव्ह काढून मग काम. रंगांवर विश्वास ठेवू नका, मोटर बनवणाऱ्याचा काळा आणि गाडी बनवणाऱ्याचा काळा एकच असेल असं नाही. जोडून कागदाने तपासा, मगच पक्कं करा. आणि टेप नको. २० अँपिअरला पीळ मारून टेप गुंडाळणं म्हणजे शेगडी तयार करणं. नीट क्रिम्प किंवा सोल्डर, वर हीट श्रिंक.

तेलकट हात | बुधवार, संध्याकाळी ६:१५

एक राहिलं. दिशा बदलायच्या आधी पातं तपासा. कधी कधी मोटरच उलट्या फिरकीची मिळते आणि तिच्यावर जुनं पातं चढवलेलं असतं. पात्यावर बहुधा बाण कोरलेला असतो. मधला नटही बघून घ्या. काही गाड्यांत तो उलट्या आट्याचा असतो, फिरताना सैल न होता आवळला जावा म्हणून. इतके महिने उलटं फिरून तो सैल झाला असू शकतो.

आणि फॅन सरळ झाला तरी एसी लगेच पूर्ण बरा होईल अशी आशा धरू नका. आत गॅस जास्त आहे. ज्यांच्याकडे रिकव्हरी मशीन आहे त्यांच्याकडे जा. सगळा गॅस मशीनमध्ये ओढून घ्यायला सांगा, किती ग्रॅम निघाला तो आकडा लिहून घ्या, अर्धा तास तरी व्हॅक्यूम करून धरून ठेवा म्हणावं, आणि स्टिकरएवढाच वजनाने भरा. "थोडा सोडून देतो हवेत" म्हणाला तर गाडी वळवा. एक किलो आर-१३४ए हवेत गेला तर तो साधारण १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो.

गिरकी | गुरुवार, सकाळी १०:२०

रिले बदलून पाहिला, फरक नाही. रेझिस्टर मोजला, मीटर ढिम्म. हातात घेतल्यावर आतली तार तुटलेली स्पष्ट दिसली. नवीन आणतोय. तोपर्यंत दोन टोकं थेट जोडून दिली तर?

मीटरवाला | गुरुवार, सकाळी १०:३५

तर हळू वेगाच्या वायरमधून आणि फ्यूजमधून जोराच्या वेगाचा करंट जाईल. फ्यूज उडेल, आणि मग तुम्ही मोठा फ्यूज टाकाल, आणि मग आम्हाला तुमच्या वितळलेल्या वायरिंगवर वेगळा धागा वाचावा लागेल. दोन दिवस काचा खाली करून फिरा.

वळणावरची | शनिवार, संध्याकाळी ७:००

झालं!

मोटरला दोनच वायरी. पात्यावर बाण होता आणि फॅन त्याच्या बरोबर उलट फिरत होता. नट किंचित सैल होता, आवळला. वायरी अदलाबदल, सोल्डर, हीट श्रिंक (शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या दादांनी करून दिलं, मी टॉर्च धरला). कागद जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला. आवाजही बदललाय. आधी नुसती घरघर होती, आता खरोखर हवा ओढल्यासारखा आवाज येतो.

मग गॅस. स्टिकरवर ४५० ग्रॅम. मशीनने बाहेर काढला ६१० ग्रॅम. ऑपरेटरने दोनदा आकडा बघितला. व्हॅक्यूम धरून राहिला, म्हणजे मोठी गळती नाही. ४५० भरला.

आज भर दुपारी मुद्दाम पाऊण तास गाडी उभ्या जागी चालू ठेवून आत बसले. काटा हलला नाही. फॅन आता हळू वेगातच सुरू-बंद होतो, जोरात एकदाच गेला. शेवटी मलाच थंडी वाजायला लागली.

पहिल्या गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "पण फिरत होता ना?"

रानवारा | शनिवार, रात्री ८:१५

अभिनंदन! वाचनखूण साठवली.

गिरकी | शनिवार, रात्री ८:४०

माझाही नवीन रेझिस्टर बसला, एसी लावला की फॅन गुणगुणत सुरू. मीटरवाला, फ्यूजला हात लावलेला नाही, शपथ.

आडमुठा | रविवार, सकाळी ८:०५

सकाळी कुणी बघत नाही असं पाहून माझ्याही गाडीपुढे कागद धरला. चिकटला. फॅन सरळ आहे. पण काल मोकळ्या रस्त्यावरसुद्धा हवा कोमटच येत होती, गेल्या वर्षी गॅस भरल्यापासून हे दुसऱ्यांदा. म्हणजे कुठेतरी गळतंय. तेलकट हात, नवीन धागा काढतो, तिकडे या.